साडेसहाची रामकली

“हे तुम्हाला शिकवलं कुणी?”

“तुम्ही.”

“मी?”

“हो, बाई. तुम्हीच.”

अनसूयाबाई म्हैसाळकर दिवाणावर बसल्या होत्या. त्यांनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माणसाकडे नीट पाहिलं. चाळिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला माणूस. शर्टाच्या खिशाला दोन पेनं. मांडीशी कापडी पिशवी.

“मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय.”

“मीसुद्धा तुम्हाला आजच पाहतोय, बाई. पण ऐकतोय अकरा वर्षं.”



बाईंच्या शेजारी तंबोरा घेऊन बसलेल्या मंदाकिनीताईंचा हात तारांवरच थांबला. मंदाकिनीताई बाईंच्या सगळ्यांत जुन्या शिष्या. तीस वर्षं त्या या घरात येत होत्या, आणि त्यातली पहिली दोन नुसता षड्ज लावण्यात गेली होती. आता हा कोण कुठला माणूस दुपारी दारात येऊन उभा राहतो, नमस्कार करतो, दहा मिनिटं रामकली राग गातो आणि म्हणतो, तुम्हीच शिकवलं!

समोरच्या माणसाला त्यांची नजर कळली. आवडलीही. इतक्या लांबून आलेल्या माणसाला तेवढा मान हवा होता.

त्याचं नाव पद्माकर हिवरेकर. किनवटच्या जनावरांच्या दवाखान्यात तो ड्रेसर होता. बैलांच्या खांद्यावरच्या जखमा धुवायच्या, शेळ्यांचे मोडलेले पाय बांधायचे, अडलेल्या गाईपाशी डॉक्टरांच्या हाताखाली उभं राहायचं, हे त्याचं काम. घरात गाण्याचा गंध कुणाला नव्हता.

अकरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात, एका सकाळी, असाच एका अडलेल्या गाईसाठी निरोप आला होता. पद्माकर एक चप्पल पायात घालून उभा होता. रेडिओ चालू होता, आणि सुई कुणाच्या तरी हातून सरकून भलत्याच केंद्रावर गेली होती. चारशे-साडेचारशे किलोमीटरवरचं केंद्र. त्यातून एक बाई गात होत्या.

दुसरी चप्पल घालायला त्याला दहा मिनिटं लागली.

गाय सुटली, वासरूही वाचलं. पण पद्माकर त्या दिवसापासून जो गुंतला तो गुंतलाच. त्यानं केंद्राला पत्र टाकलं. त्या गाणाऱ्या बाई कोण, पुन्हा कधी गाणार? उत्तर आलं. मग दर तीन महिन्यांनी तो पत्र टाकायचा आणि बाईंच्या कार्यक्रमांच्या तारखा मागवून घ्यायचा.

एकदा ऐकून भागेना, तेव्हा त्यानं ते गाणं साठवायचं ठरवलं.

घरात मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. रेडिओच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढायची, ती कॉम्प्युटरच्या पाठीमागच्या भोकात घालायची, की गाणं आत उतरतं, असं बसस्टँडजवळच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं त्याला सांगितलं. सांगितलं तसं केलं, तर गाण्याऐवजी नुसती किंकाळी उतरली. कॉम्प्युटरच्या जवळ रेडिओ आला की रेडिओ बोंबलायचा. मग पद्माकरनं चाळीस फूट वायर आणली. रेडिओ अंगणात सीताफळाच्या झाडाखाली, पालथ्या घातलेल्या पिंपावर. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात. वायर खिडकीतून आत.

तरी घरात काही खुट्ट झालं की ते गाण्यात उतरायचंच. ट्यूबलाइट लावली की गुणगुण. गॅसच्या लायटरची टिकटिक तर बाईंच्या सुरावर टाचण्या टोचल्यासारखी ऐकू यायची. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी सव्वासहाच्या आत चहा व्हायचा आणि साडेसहा ते सात त्याची बायको कुमुद अंधाऱ्या स्वयंपाकघरात हात बांधून बसायची.

“तुमच्या त्या बाईंना म्हणावं, एकदा आमच्या चहाच्या वेळेनंतर गात जा,” ती म्हणायची.

पण बाईंचा कार्यक्रम साडेसहालाच असायचा. आणि तो लागायचा फक्त थंडीत. उन्हाळ्यात त्या वेळी रेडिओला कान लावला तर नुसती वाळू चाळल्यासारखी खरखर. उन्हाळ्यातल्या बाई पद्माकरनं कधी ऐकल्याच नाहीत.

असे त्यानं एकतीस कार्यक्रम साठवले. प्रत्येकाला तारखेचं नाव. त्यांतले एकोणीस रामकलीचे, कारण रामकली बाईंची आवडती असावी. कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्रॅम होता. त्याला नुसत्या खरखरीचा तुकडा दाखवला, की तो तेवढी खरखर सगळ्या गाण्यातून वेचून काढायचा. पद्माकर रात्ररात्र नव्हे, पण रविवारच्या रविवार त्याच्यापुढं बसायचा. जखम धुतो तसं त्यानं ते गाणं धुतलं. सगळी घाण काढली आणि बाईंचा आवाज तेवढा ठेवला.

आणि मग तो तसाच्या तसा म्हणायला शिकला. दवाखान्याच्या मागच्या गोठ्यात, म्हशींच्या समोर. म्हशींची हरकत नव्हती. अकरा वर्षं.

पण गेल्या तीन थंड्या बाई रेडिओवर आल्याच नाहीत. केंद्राचं उत्तर आलं, त्या आता कार्यक्रम घेत नाहीत. मग मात्र त्याला राहवेना. पत्ता मिळवला, रजा टाकली, पिशवीत नारळ, लाल दोरा आणि गाण्यांची एक सीडी घातली आणि तो मिरजेला आला.

एवढंच त्याला ऐकायचं होतं, की हे माझंच गाणं आहे. बाईंनी एकदा म्हणावं आणि शिष्य म्हणून मनगटाला दोरा बांधावा.

...

“बाकी सगळं बरोबर आहे,” मंदाकिनीताई म्हणाल्या. “आश्चर्यच आहे, पण बरोबर आहे. आलापाच्या जागा बाईंच्याच आहेत. अंतऱ्यात मात्र चुकतंय तुमचं.”

पद्माकर त्यांच्याकडे वळला. “कुठं?”

“तार षड्जावर. तिथं तुमचा आवाज मागं जातो.”

“तो मागं न्यायचाच असतो.”

“न्यायचा असतो?” मंदाकिनीताई हसल्या. “अहो, बाईंचा तार षड्ज म्हणजे… तिथं त्या आवाज मोकळा सोडतात. दार उघडल्यासारखा. अंतऱ्यात तिथं पोचलं की सगळी बैठक हलायची. तुम्ही उलट करताय. तिथं जाता जाता तुम्ही सूर लांब नेता, बारीक करता…”

“लांबच जातो तो. बाई तिथं लांब जातात.” पद्माकरचा आवाज थोडा चढला. “गात गात कुणी बांधावरून पलीकडं निघून जावं तसा सूर जातो. सूर तोच राहतो, फक्त माणूस लांब जातो. तेच तर बाईंचं खरं आहे. बाकी षड्ज काय, सगळेच लावतात.”

“मी तीस वर्षं ऐकतेय.”

“समोर बसून ऐकताय, ताई. समोर बसलं की माणूस दिसतो, कपडे दिसतात, हातवारे दिसतात. मी नुसता आवाज ऐकलाय. एकेक कार्यक्रम दोनदोनशे वेळा. एकोणीस रामकली आहेत माझ्याकडं, आणि एकोणीसही वेळा बाई तिथं तशाच जातात.”

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, जरा जास्तच बोललो. पण शब्द परत घ्यावेत असं काही त्याला वाटलं नाही.

मंदाकिनीताईंनी बाईंकडे पाहिलं. बाईंची नजर खिडकीबाहेर होती.

“आणि द्रुत?” बाईंनी विचारलं.

“जी?”

“विलंबितानंतर मी द्रुत बंदिश म्हणते. ती नाही म्हटली तुम्ही.”

“ती… ती पूर्ण नाही माझ्याकडं. तिथपर्यंत खरखर फार वाढायची. काही धुऊन निघण्यासारखं नसायचं. मग तेवढं मी कापून टाकलं.”

“दरवेळी?”

“दरवेळी.”



“आणलंय का ते गाणं?”

पद्माकरनं पिशवीतून सीडी काढली, दोन्ही हातांनी पुढं केली. कोपऱ्यात बाईंच्या भाच्यानं आणून दिलेला प्लेअर होता. मंदाकिनीताईंनी तो सुरू केला.

खोलीत बाईंचा आवाज आला. दहा वर्षांपूर्वीचा.

दिवाणावरच्या बाई आपलं गाणं ऐकत होत्या, पण जणू दुसऱ्याच कुणाचं ऐकत असाव्यात तशा. अस्ताई झाली. अंतरा आला. सूर चढत चढत वरच्या षड्जापाशी पोचला, आणि तिथून खरोखरच लांब जायला लागला. मोठ्या शेतात, धुक्यात, कुणी पाठमोरं चालत जावं तसा. आता ऐकू येतोय, आता येत नाहीये, पुन्हा येतोय… मग नुसती जाणीव, की कुणीतरी अजून गातंय.



पद्माकरनं मंदाकिनीताईंकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती.

“हे धुतलेलं,” बाई म्हणाल्या. “न धुतलेलं आहे का?”

“आहे ना. सीडीवर शेवटचं आहे ते. तीच सकाळ. मी मूळचं कधी टाकून देत नाही.”

“ते लावा.”

मंदाकिनीताईंनी ते शेवटचं लावलं.

पुन्हा तोच आवाज. पण आता त्याच्याभोवती कढईत मोहरी तडतडावी तशी बारीक तडतड. सुरुवातीला ती दूर होती. मग ती जवळ यायला लागली. अंतऱ्याच्या सुमारास तिनं आवाजाला घेरलं. सूर वर चढला तशी तीही चढली, त्याच्या अंगावर आली, आणि खाली, तिच्याखाली, आवाज बुडत गेला. बुडता बुडता एकदा वर आला. पुन्हा बुडाला.

पद्माकरनं हे शेकडो वेळा ऐकलं होतं. पण त्या तडतडीकडं त्यानं कधी कान दिला नव्हता. ती काढून टाकायची गोष्ट होती.

“किती वाजले होते तेव्हा?” बाईंनी विचारलं.

“साडेसहाला सुरू व्हायचं. म्हणजे… पावणेसात. पाच मिनिटं अलीकडं-पलीकडं.”

“महिना?”

“डिसेंबर.”

“तुमच्याकडं उजाडतं कधी?”

“डिसेंबरात? पावणेसात…” म्हणता म्हणता तो थांबला.

प्लेअरमधून आता नुसती वाळू चाळली जात होती. मंदाकिनीताईंनी हात लांब करून तो बंद केला.

“लहानपणी आमच्याकडं वडील पहाटे लांबलांबची स्टेशनं लावायचे,” बाई म्हणाल्या. “अंधार आहे तोवर सगळी यायची. सूर्य वर यायला लागला, की एकेक निघून जायची. मग ते रेडिओ बंद करायचे आणि आंघोळीला जायचे.”

...

“म्हणजे तो तुमचा आवाज…”

“माझा आवाज जिथं होता तिथंच होता. मंदा म्हणते तसा.”

“आणि जो लांब गेला…”



पद्माकरनं मान खाली घातली. सतरंजीच्या निळ्या पट्टीकडं तो बघत राहिला. अकरा वर्षं गोठ्यात उभं राहून त्यानं एक जागा घोटली होती. सगळ्या रामकलीत त्याला तीच एक जागा आपली वाटायची. ती जागा बाईंची नव्हती. ती कुणाचीच नव्हती. सूर्य उगवला होता, रेडिओ खरखरला होता, आणि त्यानं ते पाठ केलं होतं. आणि आत्ताच तो या ताईंना काय काय सुनावून बसला होता!

“मला वाटायचं,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही तिकडं पहाटे उठून गाताय, आणि इकडं मी त्याच वेळी ऐकतोय. उजाडताना गाणं आत-आत जातं असं वाटायचं.”

“मी रामकली पहाटे नाही गायले कधी रेडिओवर.”

“जी?”

“दुपारी तीनला बोलवायचे आम्हाला. आवाज येतो म्हणून पंखा बंद करायचे. खिडकी नसलेली खोली. घामाच्या धारा लागलेल्या असायच्या. ते गाणं भरून ठेवायचे आणि मग कधीतरी सकाळी लावायचे.” बाईंनी मांडीवरचा पदर उगीचच सारखा केला. “सकाळ त्यात तुमच्याकडं झाली.”

मंदाकिनीताई हसतील असं पद्माकरला वाटलं. त्या हसल्या नाहीत.

त्यानं पिशवी जवळ ओढली. आतल्या नारळाला हात लागला. तो बाहेर काढावा की नाही, त्याला कळेना. दोरा तर आता दाखवायचीही लाज वाटत होती.

“येतो मी, बाई. तुमचा वेळ घेतला.” त्यानं मंदाकिनीताईंकडे पाहून हात जोडले. “ताई, माफ करा. मी उलट बोललो.”

“अहो, असू दे,” मंदाकिनीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता मऊ झाला होता. “बाकी सगळं तुम्ही इतकं छान उचललंय. तेवढा अंतरा सुधारून घ्या. बाईंचे जुने शिष्य आहेत नांदेडला, मी पत्ता देते. तार षड्ज मोकळा लावायला दोन-तीन महिने लागतील, पण येईल.”

“हो.”

तो उठला. गुडघ्यांवर हात ठेवून, पुष्कळ वय झाल्यासारखा. दारापर्यंत गेल्यावर मात्र त्याच्यानं राहवलं नाही.

“बाई, एक विचारू? तुम्ही रेडिओवर गायचं थांबवलंत का?”

मंदाकिनीताईंनी झटकन मान वर केली. ते या घरात कुणी विचारत नसे. तीन वर्षांत बाईंनी गळ्यातून सूर काढला नव्हता. शिकवायच्या त्या बोलून. कुठं चढायचं, कुठं वळायचं, ते हातानं दाखवायच्या. चुकलं की मान हलवायच्या. बरोबर आलं की डोळे मिटायच्या.

बाईंनी सरळ उत्तर दिलं.

“षड्ज येत नाही.”

“जी?”

“वरचा षड्ज. मंदा सांगते ना, दार उघडल्यासारखा… ते दार आता उघडत नाही. शेवटच्या वेळी स्टुडिओत गेले, तिथं पोचले आणि आवाज फाटला. त्यांनी म्हटलं, पुन्हा घेऊ. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. मी तंबोरा उचलला आणि घरी आले.” त्या थांबल्या. “त्याच्या अलीकडं थांबता येतं. पण तिथं न जाता रामकली कसली?”

पद्माकर उंबऱ्यापाशी उभा होता. 

बाहेर रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी गेली. रेडिओ, पेपर, रद्दी… ती गल्लीच्या टोकाला विरून जाईपर्यंत बाई ऐकत होत्या.

“मंदा, तो तंबोरा इकडं दे.”

“बाई?”

“दे म्हणते ना.”

मंदाकिनीताईंनी तंबोरा पुढं केला. बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी आधी दिवाणाची कड धरली, एक पाय खाली सोडला, मग दुसरा.

“बाई, खाली बसू नका. गुडघे…”

“गुडघ्यांचं मी बघते.”

त्या सतरंजीवर बसल्या. पद्माकर जिथं बसला होता, त्याच्या बरोबर समोर. मग तंबोरा घेतला, उभा धरला, कान लावून एक तार जराशी उतरवली आणि छेडायला सुरुवात केली. तीस वर्षांत मंदाकिनीताईंनी बाईंना कुणाच्या साथीला तंबोरा धरलेलं पाहिलं नव्हतं.

“बसा,” बाई पद्माकरला म्हणाल्या.

तो येऊन बसला. पिशवी खांद्यालाच राहिली.

“अंतरा म्हणा.”

“कुठला, बाई? ताई म्हणतात तसा मला येत नाही.”

“तुम्हाला येतो तो.”

“पण तो चुकीचा आहे.”

“म्हणा.”

तंबोरा वाजत राहिला. पद्माकरनं दोनदा घसा साफ केला.  त्यानं डोळे मिटले, सूर धरला आणि अंतरा उचलला. वर चढला. षड्जाशी पोचता पोचता त्यानं आवाज सोडायला सुरुवात केली, मागं, आणखी मागं, बांधावरून पलीकडं… आणि मध्येच थांबला. हे सगळं खोटं आहे, हे आठवलं.

“थांबलात का?”

“बाई, ही खरखर आहे.”

“पुन्हा म्हणा.”

त्यानं पुन्हा म्हटलं. या खेपेला थांबला नाही. सूर शेवटपर्यंत नेला. बाई डोळे उघडे ठेवून त्याच्या गळ्याकडं बघत होत्या. शिंपी दुसऱ्याचं शिवण बघतो तशा.

“पुन्हा.”

तिसऱ्यांदा त्यानं सुरुवात केली, आणि अर्ध्यावर त्याच्या आवाजाशेजारी दुसरा एक आवाज आला.

तो जुना होता. कडांना खरवडलेला, मध्ये घट्ट. पद्माकर आपोआप गप्प झाला. मंदाकिनीताईंनी तोंडावर पदर धरला.

बाई गात होत्या. अंतऱ्याची पहिली ओळ त्यांनी सावकाश घेतली, पाय टेकवून बघत जिना चढावा तशी. निषादावर थांबल्या.  बाईंनी वर पाहिलं आणि पुढच्या सुराला हात घातला. जोर लावला नाही. आवाज मागं सोडला. षड्ज आला. बारीक, लांबून आला, पण तिथंच आला, फाटला नाही. आणि तसाच दूर जायला लागला.

पण फार भरभर गेला. दोन क्षणांत संपला.

“लवकर झालं, बाई,” पद्माकर म्हणाला. “आधी तिथं उभं राहायचं. मग निघायचं.”

शब्द तोंडातून गेले, आणि आपण कुणाला काय म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं.

खोलीत नुसता तंबोरा वाजत होता.

 त्यानं मंदाकिनीताईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि त्या त्याच्याकडे रागानं बघत होत्या की कशा, त्याला काही कळेना. तो त्यांच्याकडेच बघत राहिला.

बाईंचा हात तारांवरून फिरायचा थांबला नव्हता.

“तिच्याकडं काय बघतोस?” त्या म्हणाल्या. “किती वेळ उभं राहायचं, ते सांग.”